साजूक तुपावरची स्कायट्रेन

नंदन उपासनींनी त्या गुरुवारी गाडी न काढता स्कायट्रेनने जायचं ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण या एका निर्णयातून घडलं.

कारण साधं होतं. दुकानासमोर गाडी लावली असती तर तिची नंबर प्लेट दिसली असती. प्लेट दिसली असती तर कुणीतरी ती ओळखली असती. परदेशात, या बर्नाबीच्या आसपास मराठी घरं ती किती, पण आपण जिथे जाऊ नये तिथे गेलो की त्यातलं एक तरी समोरून येतंच, हा उपासनींचा बावीस वर्षांचा अनुभव. म्हणून एप्रिलच्या ढगाळ सकाळी त्यांनी डोक्यावर टोपी ओढली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि दाराशी येऊन बूट शोधू लागले.

"कुठे निघालास? बँक लुटायला?" सोफ्यावर पडल्यापडल्या त्यांच्या बायकोने, सुनेत्राने विचारलं.

"ते आणायला."

"ते म्हणजे?"

"डॉक्टरांनी सांगितलेलं ते."

"गांजा म्हण ना सरळ!"

उपासनींनी धावत जाऊन बाल्कनीचं दार लावलं. (अकरावा मजला. शेजारी एक कोरियन डेंटिस्ट राहायचा, त्याला मराठीतला 'ग' कळत नव्हता. पण सावध असलेलं बरं.)

सुनेत्रा हसली नाही. आधी हसली असती. तिच्या तीन केमो झाल्या होत्या, तीन राहिल्या होत्या, आणि तिसरीनंतर तिच्या तोंडाची चवच गेली होती. फोडणीचा वास आला की तिला मळमळायचं. चहा मातीसारखा लागायचा. जिने आयुष्यभर नवऱ्याच्या ताटातली पापडाची कड मोडून खाल्ली, ती दिवसाला चार चमचे पेज आणि अर्धं केळं यावर आली होती. मंगळवारी पुढची केमो होती. डॉक्टरीणबाईंनी उपासनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की वजन आणखी उतरलं तर ती पुढे ढकलावी लागेल, आणि ढकलणं चांगलं नाही. मग त्यांनीच हा उपाय सुचवला, कागदांवर सह्या केल्या आणि एका क्लबचा पत्ता दिला. क्लब म्हणजे दुकानच, पण डॉक्टरांचा कागद असल्याशिवाय तिथे कुणाला आत घेत नसत.

वजनाची ही गोष्ट उपासनींनी सुनेत्राला सांगितली नव्हती. मनात ठेवून ते दोन आठवडे फिरत होते. रात्री झोप नव्हती, त्यामुळे दिवसा सगळं जग त्यांना दुधाच्या पातळ सायीतून दिसल्यासारखं दिसायचं. त्या सायीतूनच ते स्टेशनवर गेले, सायीतूनच गाडीत बसले. खाली सगळ्या गल्ल्यांमधून चेरीची झाडं फुलली होती. एवढा गुलाबी रंग एका शहराला कशाला लागतो, असा विचार करता करता त्यांचं स्टेशन आलं.

दुकानाबद्दल त्यांच्या काही कल्पना होत्या. अंधारी खोली, धूर, गळ्यात कवट्या घातलेला एखादा माणूस. प्रत्यक्षात आत लख्ख उजेड होता. वेटिंग रूममध्ये दोन म्हाताऱ्या विणकाम करत होत्या, भिंतीवर परवाना फ्रेम करून लावला होता आणि कुंडीत तुळशीसारखं काहीतरी होतं. (ती तुळसच होती. उपासनींनी तिला भीतभीत लांबूनच पाहिलं.) एकूण प्रकार आयुर्वेदिक औषधांच्या दुकानासारखा. नंबर पुकारला गेला. उपासनी काउंटरपाशी गेले आणि खालच्या आवाजात, उत्तम इंग्रजीत म्हणाले, की मी माझ्या पत्नीच्या वतीने आलो आहे.

काउंटरमागच्या साठीच्या गृहस्थाने कागद पाहिला, नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "उपासनी म्हणजे आपले मराठीच की हो!"

उपासनींच्या पायाखालची फरशी सरकली.

"मी टेरेन्स तुस्कानो. वसई. निर्मळचा," तो गृहस्थ आनंदाने म्हणाला. "टोपी काढा साहेब, इथे ऊन लागत नाही."

"तुम्ही... तुम्ही मंडळात येता?"

"कुठलं मंडळ? आमची सगळी माणसं टोरांटोला. इथे मी आणि माझी ज्युडिथ. तिला एमएस, नसांचं दुखणं. पाय आखडायचे, रात्र रात्र रडायची. या क्लबाने तिला झोप दिली. तेव्हापासून रिटायर झालो तसा इथेच येऊन बसतो, पगार नाही." त्याने आवाज हळू केला. "बाईंचं काय आहे?"

उपासनींनी सांगितलं. आजवर त्यांनी हे सगळं इंग्रजीतच सांगितलं होतं, डॉक्टरांना, ऑफिसला, इन्शुरन्सला. मराठीत सांगताना मध्येच त्यांनी काळा चष्मा काढून पुसायला घेतला. टेरेन्सने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग तो उठला आणि बरण्या उघडून दाखवू लागला. आमच्या वाडीत पानवेली होत्या, तो म्हणाला, बाप पान नुसतं हातात घेऊन सांगायचा, हे आजचं, हे कालचं. तसंच हे. वास घ्या.

उपासनींनी वास घेतला. भिजलेल्या कुरणासारखा होता. मग खिशातून वही काढून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. उपासनी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे मॅनेजर होते. बॅच नंबर काय? एक्स्पायरी? साइड इफेक्ट्सची यादी लेखी मिळेल का? मागच्या म्हाताऱ्यांची अर्धी बाही विणून झाली.

"बाई धूर ओढणार नाहीत, बिस्किटं गोड म्हणून खाणार नाहीत," टेरेन्स शेवटी म्हणाला. "तुम्ही हे लोणी न्या. औषध आत मुरवलेलंच आहे. घरी नेऊन तूप करा आणि गरम भातावर घाला. पण ऐका साहेब. पाव चमचा. पाव! आणि दोन तास थांबायचं. पोटातून चढायला वेळ लागतो. घाई केली की फसलात."

उपासनींनी लिहून घेतलं : पाव चमचा. दोन तास. खाली दोन रेघा मारल्या.

घरी आल्यावर त्यांनी लोणी कढवलं. सुनेत्रा झोपली होती म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा चालू करून, अगदी मंद आचेवर. तूप हिरवट झालं, पण छान रवाळ दिसत होतं. बरणीत भरून झाल्यावर त्यांना व्यवसायाने घेरलं. पंचवीस वर्षांत त्यांनी टेस्ट न करता एक बटणसुद्धा गिऱ्हाइकाकडे जाऊ दिलं नव्हतं. मग हे तर बायकोच्या पोटात जाणार! काही झालं तर? आधी आपल्यावर बघावं.

त्यांनी वरणभात लावला, ताट वाढून घेतलं आणि वही उघडली. पाव चमचा तिच्यासाठी. आपलं वजन तिच्या दुप्पट, म्हणून आपल्याला अर्धा. हे गणित बरोबरच होतं. चुकलं ते पुढचं. वीस मिनिटं झाली, काही नाही. 'दोन तास' हे शब्द समोर लिहिलेले होते, दोन रेघांसकट. पण उपासनींच्या मते कुठलाही प्रोग्राम वीस मिनिटांत उत्तर देत नसेल, तर तो बंद पडला असं समजून पुन्हा चालू करावा. त्यांनी आणखी अर्धा चमचा घेतला. पुन्हा वीस मिनिटं. एक ढेकर आला, बाकी शांतता.

आणि मग त्यांना राग आला. फसवलं! वसईच्या गोड बोलण्याने साधं लोणी गळ्यात मारलं. बायको तिकडे उपाशी, मंगळवार पाच दिवसांवर, आणि हा माणूस आपल्याला पानवेलींच्या गोष्टी सांगतो! त्या रागाच्या भरात त्यांनी उरलेला भात कालवला, आणि साधंच तूप आहे म्हटल्यावर हात कशाला आखडायचा, म्हणून वर दोन मोठे चमचे वाढून घेतले. जेवून उठले, वही फ्रीजवर लोहचुंबकाने लावली, बरणी पिशवीत टाकली आणि टेरेन्सला जाब विचारायला निघाले. टोपी होतीच.

सव्वादोनला ते स्टेशनवर आले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. पहिल्या डब्यात अगदी पुढची सीट रिकामी मिळाली.

आता स्कायट्रेनची एक गंमत आहे. तिला ड्रायव्हर नसतो. कुठेतरी दूर बसलेले कॉम्प्युटर ती चालवतात, आणि जिथे ड्रायव्हरची केबिन असायची तिथे एक मोठी काच आणि तिच्यामागे साधी सीट असते. बसलं की रूळ थेट आपल्या पायांखालून निघतात. बावीस वर्षांत उपासनी तिथे कधी बसले नव्हते. (ती लहान मुलांची जागा.)

पहिली दोन स्टेशनं त्यांनी टेरेन्सला काय बोलायचं याची जुळवाजुळव केली. तिसऱ्याला जरा डुलकी आली. चौथ्याच्या अलीकडे त्यांच्या लक्षात आलं, की आज रूळ फारच चांगले दिसताहेत. दोन चंदेरी रेघा, न थकता पुढे चाललेल्या. घरांची छपरं खालून हळूहळू वाहत होती, त्यांच्यामध्ये चेरीची झाडं गुलाबी वाफेसारखी तरंगत होती, आणि पलीकडे बर्फ माथ्यावर घेतलेले डोंगर इतके जवळ आले होते, की हात पुसून मगच त्यांना लावावा. एक वळण आलं. उपासनींनी मनात म्हटलं, 'डावीकडे.' गाडी डावीकडे वळली.

ते दचकले. पुढे सिग्नल होता. 'हळू,' ते म्हणाले. गाडी हळू झाली.

त्या क्षणी त्यांना सगळं स्वच्छ समजलं. गाडी ते चालवत होते. आतापर्यंत कुणीच चालवत नव्हतं, आणि आज योगायोगाने ते इथे बसले म्हणून बरं, नाहीतर या माणसांचं काय झालं असतं? त्यांनी मागे वळून पाहिलं. कुणी फोनवर बोलत होतं, कुणी पेंगत होतं, एक बाई बाळाला थोपटत होती. सगळे निर्धास्त. केवढा हा विश्वास! उपासनींना गहिवरून आलं. त्यांनी टोपी सरळ केली.

टेरेन्सचं स्टेशन आलं आणि गेलं. उतरणार कसं? गाडी चालू होती.

बोगदा आला, काळोखात दिवे माळेसारखे ओघळत गेले, आणि दुसऱ्या टोकाला समुद्राजवळ गाडी थांबली. शेवटचं स्टेशन. उपासनी शिस्तीत उतरले, फलाटावरून चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथल्या पुढच्या सीटवर बसले. तिथे एक पंजाबी आजी नातीला घेऊन बसल्या होत्या.

"पुत्तर, ये गाडी गेटवे जाएगी ना?" आजींनी विचारलं.

"जाएगी माताजी," उपासनी म्हणाले. "मैं ले जा रहा हूँ. आप आराम से बैठिए."

"जीते रहो!" आजी म्हणाल्या. नात मात्र त्यांच्याकडे रोखून बघत होती. "He's not driving," ती म्हणाली. आजींना इंग्रजी येत नव्हतं, त्या मान डोलावून हसल्या.

मग ती मोठी सुंदर दुपार सुरू झाली. दर स्टेशनाआधी एक बाई गोड आवाजात पुढच्या स्टेशनाचं नाव सांगायची, आणि उपासनी तिला 'थँक्यू' म्हणायचे. अशी असिस्टंट त्यांना ऑफिसात कधी मिळाली नव्हती. स्टेशनात गाडी थांबली की ते दारं उघडायला सांगायचे, दारं उघडायची. मिटा म्हटलं की मिटायची. गेल्या चार महिन्यांत त्यांनी म्हटलेलं काहीही असं झालं नव्हतं. रिपोर्ट चांगला येऊ दे, म्हटलं होतं. तिने दोन घास खाऊ देत, म्हटलं होतं. इथे मात्र 'चल' म्हटलं की चार डबे माणसं मुकाट्याने निघत होती. नदीवरच्या पुलावर गाडी चढली तेव्हा तारा दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरल्या, खाली तराफ्यांसारखे एकत्र बांधलेले ओंडके संथ वाहत होते, आणि पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. उपासनींना वाटलं, पुढे रूळ नसले तरी चालेल.

गेटवेला आजी उतरल्या. जाताना त्यांनी उपासनींच्या डोक्यावरून हात फिरवला.

टोकाला जाऊन, पुन्हा बाजू बदलून ते परत निघाले, तेव्हा खिशातला फोन वाजला.

"अरे, कुठे आहेस तू?" सुनेत्राचा आवाज.

"गाडी चालवतोय. नंतर बोल."

"गाडीची किल्ली इथे टेबलावर आहे."

"या गाडीला किल्ली नसते."

"नंदन! कुठली गाडी?"

"लांब आहे जरा. चार डब्यांची."

"आत्ता नक्की कुठे आहेस? स्टेशन सांग."

"स्कॉट रोड सुटलं. आता बोलू नकोस, पूल आलाय." आणि त्यांनी फोन बंद केला. जबाबदारीची जागा होती.

यापुढचा घरचा भाग उपासनींनी पाहिलेला नाही. पण सुनेत्राने तो पुढे इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितला, की आता तो त्यांनाही पाठ आहे. ती स्वयंपाकघरात गेली. तिला फ्रीजवरची वही दिसली. 'एक दहा : अर्धा चमचा. परिणाम शून्य. एक तीस : आणखी अर्धा. ढेकर. एक पन्नास : निष्कर्ष, साधं तूप, फसवणूक. उरलेला भात संपवला (वर दोन मोठे चमचे).' आणि त्याच्या वर, दोन रेघांसकट, पाव चमचा, दोन तास. सुनेत्रा ओट्याला धरून उभी राहिली आणि हसायला लागली. इतकी, की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मग ती घाबरली, आणि कागदावरच्या क्लबच्या नंबरावर तिने फोन लावला.

टेरेन्सने आकडे ऐकून घेतले. "अरे माझ्या देवा," तो म्हणाला. "बाई, हा तुमचा जवळजवळ महिन्याचा डोस झाला."

"काही धोका...?"

"जिवाला धोका नाही. पण आज संध्याकाळपर्यंत ते तुमचे नाहीत. त्यांना एकटं ठेवू नका. येतील कुठून, नदीपलीकडच्या सरी गावाकडून? मग तुमच्या स्टेशनवर पुढच्या डब्याच्या जागी उभ्या रहा. मी इकडे ब्रॉडवेला, आमच्या स्टेशनवर येतो. जमेल तुम्हाला?"

महिनाभर सुनेत्रा हॉस्पिटलशिवाय कुठे गेली नव्हती. पायांची बोटं बधिर झाली होती, म्हणून तिने नवऱ्याचे लोकरी स्लीपर चढवले, डोक्याला स्कार्फ बांधला आणि निघाली. पाच मिनिटांच्या रस्त्याला तिला वीस मिनिटं लागली. मध्ये एकदा ती चेरीखालच्या बाकावर बसली, पाकळ्या अंगावर पडू दिल्या आणि पुन्हा उठली. फलाटावर पोचल्यावर ती पुढच्या टोकाला उभी राहिली. एक गाडी आली, काचेमागे कुणी नाही. दुसरी आली, एक शाळकरी पोरगा. तिसऱ्या गाडीच्या काचेमागे टोपी घातलेला, ताठ बसलेला, चेहऱ्यावर अपार शांतता असलेला तिचा नवरा होता. तिला पाहून त्याने हात वर केला.

"बस," ती आत आल्यावर उपासनी म्हणाले. "आज तू कशी काय?"

"सहज. फिरायला," ती म्हणाली आणि शेजारी टेकली. गाडी सुटली.

"छान चालवतोस," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"वेळ लागतो हात बसायला." मग रुळांवरची नजर न हलवता ते म्हणाले, "सुनेत्रा, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. मंगळवारी वजन कमी भरलं तर ते केमो पुढे ढकलणार आहेत. दोन आठवडे झाले, मी तुला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"अरे, रिपोर्टची ईमेल माझ्याच पत्त्यावर येते. तुझ्याआधी मी वाचते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या मेहनतीने लपवत होतास, म्हटलं तुझा विरस नको."

उपासनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही, कारण वळण होतं. "मला फार भीती वाटते गं," ते म्हणाले. "घरात काहीच माझ्या हातात नाही. इथे निदान मी थांब म्हटलं की थांबते."

सुनेत्राने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. "मलाही वाटते," ती म्हणाली. "दोघांनी वेगवेगळं कशाला घाबरायचं? एकत्र घाबरू." खाली गुलाबी झाडं चालली होती. चार स्टेशनं ती दोघं हात धरून बाहेर बघत राहिली. चार महिन्यांत एवढं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं, हे दोघंही शपथेवर सांगतात. (एकाची शपथ त्या दिवसापुरती धरू नये.)

ब्रॉडवे आलं. "चल, उतरू," सुनेत्रा म्हणाली.

"वेडी आहेस? आणि या लोकांना कोण नेणार?"

दार उघडं होतं. सुनेत्रा ओढत होती, उपासनी सीटचा दांडा धरून बसले होते, एवढ्यात टेरेन्स आत आला. त्याने क्षणभर परिस्थिती पाहिली, बटणं लावली, टाचा जुळवल्या आणि कडक आवाजात म्हणाला, "उपासनी, तुमची ड्युटी संपली. चार्ज द्या."

उपासनी तत्काळ उठले. टोपी काढून त्यांनी ती टेरेन्सच्या डोक्यावर ठेवली. "पुढे स्टेडियमच्या आधी वळण आहे," ते म्हणाले. "सांभाळून."

टेरेन्सला उतरायचं होतं. पण उपासनी फलाटावर उभे राहून बघत होते. नाइलाजाने तो सीटवर बसला, काचेतून पुढे नजर लावली आणि गाडीबरोबर पुढच्या स्टेशनपर्यंत गेला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत उपासनी हलले नाहीत.

"बरा चालवतो," ते म्हणाले. "थोडा घाई करतो."

क्लबच्या मागच्या खोलीत ज्युडिथ व्हीलचेअरवर बसून चहा ओतत होती. तिने उपासनींना कोचावर आडवं व्हायला लावलं आणि अंगावर पांघरूण घातलं. टेरेन्स उलट्या गाडीने परत आला. ज्युडिथने पानात गुंडाळलेली एक पुडी उघडली. वसईहून भावाने पाठवलेली सुकेळी होती. उन्हात वाळवलेली केळी, मधाच्या रंगाची. चालण्यामुळे म्हणा, हसण्यामुळे म्हणा, सुनेत्राने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. जरा वेळ तिने तो नुसता जिभेवर ठेवला.

"गोड आहे," ती आश्चर्याने ज्युडिथला म्हणाली. "अहो, हे गोड लागतंय!"

तिने दोन सुकेळी संपवली. कोचावरून उपासनी ते बघत होते. तेवढं एक त्यांना नीट आठवतं. मग ते झोपले.

त्या संध्याकाळी टेरेन्स दोघांना घरी सोडायला आला. त्याने स्वतः पाव चमचा मोजून तूप भातावर घातलं आणि दोन तास घड्याळासमोर बसून राहिला. साडेआठला सुनेत्राने आणखी भात मागितला. पुढचे चार दिवस तेच. मंगळवारी काट्याने अर्धा किलो जास्त दाखवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी उपासनींना विचारलं, की तुम्हाला काही साइड इफेक्ट्स दिसले का? तेव्हा उपासनी खिडकीबाहेर बघू लागले आणि सुनेत्राला जोराचा खोकला आला.

चौथी केमो झाली. पाचवी झाली. जुलैत सहावी झाली, आणि ऑगस्टमधल्या स्कॅननंतर डॉक्टरीणबाईंनी सुनेत्राला मिठी मारली. डोक्यावर बारीक, मऊ केस यायला लागले होते.

त्याच आठवड्यात राहिलेलं शेवटचं औषध आणायला आणि तुस्कानोंना पेढे द्यायला सगळे मिळून क्लबात गेले. युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आलेली लेक अबोलीही बरोबर होती. उपासनी मुद्दाम गाडी घेऊन गेले आणि ती थेट दुकानासमोर लावली. आता कसली लाज! ऐटीत पुढे होऊन त्यांनी दार ढकललं.

"Dad, wait," अबोली म्हणाली.

दारावर टेरेन्सच्या अक्षरात नवा बोर्ड होता. एकोणीस वर्षांखालील व्यक्ती आणि मिस्टर उपासनी यांनी कृपया बाहेर थांबावे.

अबोली त्याच महिन्यात एकोणीस वर्षांची झाली होती. ती आईचा हात धरून आत गेली. उपासनी बाहेरच्या बाकाकडे वळले. बाकाच्या पायाला कुणीतरी कुत्रं बांधून ठेवलं होतं. त्याने वर पाहिलं, थोडा विचार केला, आणि सरकून त्यांना जागा करून दिली.